वळणावरचा वरंबा

"कांगारू," डॅरिल म्हणाला.

मागच्या दारात उभा होता. उजव्या हातानं डावा हात कोपराशी धरलेला, शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली, पँट गुडघ्यावर उसवून आतलं लाल दिसत होतं. शनिवार सकाळचे साडेनऊ झाले होते. मी नुकतेच चहाबरोबरचे स्कोन ओव्हनमधे घातले होते.

"कुठे?"

"बेव्हनच्या शेताच्या अलीकडे. एकदम आडवा आला गं."

"आणि मोटारसायकल?"

"चालतेय की. हँडल वाकलंय तेवढं. एका हातानं आणली घरापर्यंत."

मी त्याला खुर्चीत बसवलं, टॉवेल ओला केला आणि अंगणात जाऊन गाडी बघून आले. गेली बावीस वर्षं मी या भागात शाळेची बस चालवते. आजवर तीन कांगारू माझ्या बसला धडकले आहेत, त्यामुळे मला त्यांच्या सवयी नवऱ्याच्या सवयींइतक्याच पाठ आहेत. कांगारू पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला रस्ता ओलांडतो. फेब्रुवारीच्या ऐन उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजता तो झाडाखाली तंगड्या पसरून पडलेला असतो. शिवाय धडक झाली की केस चिकटतात. गाडीवर एक केस नव्हता. पुढच्या मडगार्डमधे मात्र ताजा पिवळा मुरूम गच्च बसला होता, आणि बेव्हनकडची माती तांबडी आहे. पिवळा मुरूम कौन्सिलनं त्या आठवड्यात एकाच रस्त्यावर टाकला होता, कॅलहनच्या.

आत येऊन मी त्याचा गुडघा धुतला आणि काही बोलले नाही. आमच्याकडे कांगारू हा फार उपयोगी प्राणी आहे. दारू पिऊन गाडी चरीत घातली, बापाच्या गाडीला पोचा पाडला, की पहिलं नाव त्याचं. बिचाऱ्याला उलटून बोलता येत नाही.

पण डॅरिल फायफर खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या हातच्या स्वयंपाकाबद्दलसुद्धा तो कधी खोटं बोलला नाही, आणि मी त्यावरून दोनदा माहेरी गेले आहे.

चौतीस वर्षं तो कौन्सिलचा ग्रेडर, रस्ता सपाट करायचं पात्याचं यंत्र, चालवत होता. आमच्याकडचे निम्मे रस्ते कच्चे. ते वर्षातून दोनदा खरवडून सपाट करायचे, मधे उंच आणि कडेला उतार ठेवायचा, पाण्यासाठी चर काढायची. काम सांगायला एवढंच. पण डॅरिलनं काढलेल्या रस्त्यावर चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवून जाता यायचं, असं लोक म्हणत, आणि त्याला ते ऐकायला आवडायचं. चौतीस वर्षांत त्याच्या नावापुढे एकाही अपघाताची, एकाही तक्रारीची नोंद नव्हती. नवीन माणसं त्याच्याच हाताखाली शिकायला देत. आणि दर शनिवारी सकाळी तो जुनी अडीचशे सीसीची मोटारसायकल काढून त्या आठवड्यात केलेल्या रस्त्यांवरून चक्कर मारून यायचा. "चार चाकं खोटं बोलतात, रेलीन," म्हणायचा. "दोन चाकांना रस्ता खरा कळतो." मग नाश्त्याला बसला की मला कुठली चर कशी निघाली ते ऐकावं लागायचं. मी ऐकायचे. दुसऱ्यांचे नवरे फुटबॉलवर बोलतात, त्यापेक्षा हे बरं.

दवाखाना अर्ध्या तासावर. खांद्याजवळच्या हासळीच्या हाडाला तडा गेला होता. सहा आठवडे हात गळ्यात बांधायचा, काही उचलायचं नाही.

"कांगारू?" नर्सनं लिहिता लिहिता विचारलं.

डॅरिलनं मान हलवली. नर्सनंही हलवली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात झालं होतं आणि कांगारू सहा फुटांचा झाला होता.

रविवारी सकाळी मी बटाटे सोलत होते आणि डॅरिल टेबलाशी एका हातानं टोस्टला लोणी लावायचा प्रयत्न करत होता, तेवढ्यात फोन वाजला. कौन्सिलच्या डेपोचा सुपरवायझर गॅव्हिन. एक हात बांधलेला, दुसरा लोण्यात, म्हणून डॅरिलनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. नसता लावला तर पुढचं काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

"हाड काय म्हणतंय, डॅरिल?"

"जागेवर आहे."

"बरं ऐक. म्हातारा कॅलहन सकाळपासून माझं डोकं खातोय. शुक्रवारी त्याच्या वळणावर मुरुमाचा वरंबा तसाच सोडलाय म्हणे, नडगीभर उंच. कोणीतरी मोटारसायकलवाला त्यात आपटलाय. घसरल्याची खूण आहे, फुटका आरसा पडलाय. तू नव्हतास ना तो?"

माझी सुरी थांबली. ग्रेडरचं पातं कडेचा मुरूम खरवडतं तेव्हा त्याची एक लांब ओळ रस्त्यात तयार होते, शेतातल्या वरंब्यासारखी. पुढच्या फेरीत ती पसरायची. पसरेपर्यंत रस्ता पहिल्यापेक्षा वाईट. म्हणून वळणावर वरंबा टाकून घरी जायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम. हे मला डॅरिलनंच शिकवलं होतं, मी नको नको म्हणत असताना.

"मी बेव्हनकडे होतो," डॅरिल टोस्टकडे बघत म्हणाला. "कांगारू आला."

"तेच म्हटलं. तू कसला वरंबा टाकून जातोयस! शुक्रवारच्या कागदावर पात्याला टालियाचं नाव आहे. पोरगी अजून प्रोबेशनवर, तिला उद्या घरी पाठवणार. मघाशीच फोन करून सांगितलंय तिला, येताना लॉकरमधलं सामान न्यायला खोका आण म्हणून."

"अरे, एवढी घाई..."

"घाई? कोणी मेलं असतं तर? जप हाडाला." फोन बंद झाला.

टालिया चोवीस वर्षांची. वडील गव्हाची शेती करतात, त्यामुळे बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टरवर. ऑगस्टपासून ती डॅरिलच्या हाताखाली होती. पोरीचा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला होईल, असं तो मला दोनदा म्हणाला होता. तिला एकदाही म्हणाला नव्हता.

"तिनं टाकला?" मी विचारलं.

मी बटाटा संपवला, दुसरा घेतला.

"तीन वाजले होते," तो म्हणाला. "शुक्रवार. साडेतीनला डेपोत सॉसेज भाजतात. ती म्हणाली, डॅरिल, एक फेरी राहिलीय, वीस मिनिटं द्या. मी म्हटलं, बंद कर, सोमवारी बघू. ती म्हणाली, अहो, वळणावर? मी म्हटलं, पोरी, कॅलहनच्या रस्त्यानं शनिवार-रविवारी जातंय कोण?"

"मग? गेलं कोण?"

"मी."

मला हसू आलं. आलं ते आलं, खोटं कशाला सांगू. तोही हसायला गेला आणि हाड दुखलं म्हणून थांबला.

"दिसला नाही तुला?"

"न दिसायला काय झालं? मीच तर ठेवला होता. कुठंय, केवढाय, सगळं ठाऊक होतं. मी आपली डावीकडची चर बघत होतो. इतकी छान निघालीय गं ती. आणि ऊन समोरून. मनात म्हटलं, वरंबा अजून पुढं आहे."

"आणि घरी येऊन कांगारू."

"तोंडातून निघून गेलं. चौतीस वर्षं, रेलीन. एक नोंद नाही."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "खाई त्याला खवखवे म्हणतात," मी म्हणाले. "इथे खाल्लं तू आणि खवखवणार त्या पोरीला? आणि दुसरं सांगते. शुक्रवारी शाळा अर्ध्या दिवसाची होती, म्हणून मी सुटले. उद्या सकाळी सात चाळीसला मी त्या वळणावर असणार आहे. मागे अकरा मुलं. त्यांना काय सांगू, मिस्टर फायफरना भूक लागली होती?"

तो उठला. टोस्ट तसाच राहिला. "फावडं कुठं ठेवलंयस?"

दुपारी एकच्या उन्हात आम्ही कॅलहनच्या वळणावर होतो. चाळीसच्या वर पारा, माशा डोळ्यांत शिरत होत्या. वरंबा माझ्या पावलांनी सत्तर पावलं लांब भरला. डॅरिल एका हातानं दाताळं ओढत होता, फावडं माझ्याकडे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण कौन्सिलची बिनपगारी नोकरी करायची माझी पहिलीच वेळ.

"इतकं जाड नको टाकू. कडेला उतार राहू दे."

"पातं तू आहेस का मी?"

"तू. पण जरा वाकडं चालतंय."

"उद्यापासून तुझा स्वयंपाकही वाकडाच होणार आहे."

अर्ध्याच्या वर झालं असेल, तेव्हा म्हातारा कॅलहन त्याच्या गाडीतून आला, मागे कुत्रा. काच खाली करून त्यानं डॅरिलचा बांधलेला हात पाहिला, मग मुरुमातली घसरल्याची खूण पाहिली, मग माझ्या हातातलं फावडं. ब्याऐंशी वर्षांचा आहे, पण डोकं शाबूत.

"कांगारू बरा आहे का?" त्यानं विचारलं.

"बरा आहे," डॅरिल म्हणाला.

कॅलहननं पाण्याची मोठी बाटली खाली ठेवली आणि निघून गेला. डॅरिलचा चेहरा उन्हानं आधीच लाल होता, तो आणखी झाला.

तीनच्या पुढे सगळं सपाट झालं. मी फावड्यावर टेकून श्वास घेत होते. डॅरिल शेवटच्या टोकाला बुटानं स्वतःच्या घसरल्याची खूण सारखी करत होता.

"पुसतोयस?" मी विचारलं.

त्याचा पाय थांबला. "रस्ता नीट करायलाच हवा होता ना."

"हो. रस्ता झाला. पोरीचं काय?"

तो कडेच्या तारेला टेकला. समोर कापणी झालेलं रान, त्यात पांढरे पोपट दाणे टिपत होते. अशा वेळी माणसाला ढकलायचं नसतं. तो आपल्या पायानं गेला तरच त्याचं.

"खोटं बोललो म्हटल्यावर मला पात्यावर बसू देणार नाहीत," तो म्हणाला.

"नाही देणार."

"बासष्ट झाली. एकदा उतरवलं की परत कोण बसवतंय?"

"कोणी नाही."

मी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. मला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण मी गोड बोलले असते तर त्यानं त्याचा आधार घेतला असता आणि आम्ही दोघं घरी जाऊन चहा प्यायलो असतो.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "फोनवर नाही. कांगारू सगळ्या गावासमोर आणलाय, सगळ्यांसमोरच परत नेतो."

मला ते पटलं. त्या पोरीची रात्र कशी जाईल, हे तेव्हा त्याला सुचलं नाही. मलाही नाही.

सोमवारी त्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून साडेसहाला मी शाळेच्या बसमधूनच डेपोवर नेलं. पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसला होता, पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या मुलासारखा. डेपोचं मोठं शटर उघडं होतं. आत दहा-अकरा माणसं हातात कॉफी घेऊन उभी; रोज सकाळी कामं वाटायच्या आधी त्यांची बैठक असते. टालिया बाजूला भिंतीशी. पायाशी पुठ्ठ्याचा खोका, त्यात हेल्मेट, थर्मास आणि बुटांचा जोड. मला निघायला हवं होतं. मी इंजिन बंद करून बसून राहिले.

"आला रे, कांगारूचा पैलवान आला!" कोणीतरी ओरडलं. "कोण जिंकलं, डॅरिल?"

"गॅव्हिन, आधी मी बोलतो," डॅरिल म्हणाला.

"बोल की."

"कांगारू नव्हता."

हसणारे आणखी हसले. त्यांना वाटलं, पुढे काहीतरी गंमत आहे. तो ते थांबेपर्यंत थांबला.

"कॅलहनच्या वळणावर पडलेला तो मीच. वरंबा टालियानं नाही टाकला. पात्यावर ती होती, पण ती पसरायला वीस मिनिटं मागत होती. मी यंत्र बंद करायला लावलं, कारण मला सॉसेज खायचे होते. शनिवारी पडलो आणि खोटं बोललो. काल फोनवर परत बोललो. पडल्यावर बोललो ते घाबरून. कालचं घाबरून नव्हतं, ते वाईट होतं. कागदावरचं तिचं नाव खोड आणि माझं घाल."

कॉफीचा कप तोंडाकडे नेलेल्या माणसाचा हात तसाच राहिला होता.

"डॅरिल," गॅव्हिन हळू म्हणाला, "हे सगळ्यांसमोर बोललास. मला आता लिहून वर पाठवावं लागेल. समजतंय ना?"

"म्हणूनच सगळ्यांसमोर बोललो."

मला वाटलं होतं, टालिया रडेल, किंवा त्याचा हात हातात घेईल. ती तरातरा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काल का नाही फोन केलात?"

डॅरिलनं बांधलेला हात सावरला.

"मी आईला सांगितलं नोकरी गेली म्हणून. बाबांनी मला समोर बसवून विचारलं, खरं सांग, टाकलास ना ढीग? मी नाही नाही म्हणत होते, आणि त्यांना पटत नव्हतं. म्हणाले, डॅरिल फायफर असं होऊ देणारच नाही. तुमच्या नावापुढे माझ्या बापाला मी खोटी वाटले."

"चुकलं माझं," डॅरिल म्हणाला.

"हो. चुकलंच."

तिनं खोक्यातून हेल्मेट काढून डोक्यात घातलं, खोका पायानं भिंतीकडे सरकवला आणि ग्रेडरकडे निघून गेली. आभार मानले नाहीत. का मानावेत? तिचं तिला परत मिळालं होतं, त्यातलं निम्मंच.

मी बस सुरू केली. सात चाळीसला अकरा मुलं घेऊन वळणावर आले. एक गात होता, दोघी भांडत होत्या, बाकीचे पेंगत होते. बस हललीसुद्धा नाही. रस्ता चांगला असला की कोणाला कळत नाही, हेच त्या कामाचं दुर्दैव आहे. मी एकटीच होते जिला तिथल्या मुरुमाचं वजन ठाऊक होतं, आणि माझे दोन्ही खांदे दुखत होते.

लेखी ताकीद आली. नवीन माणसं शिकवायचं काम काढून घेतलं. हाड सांधल्यावर पात्यावर घेणार नाहीत, निवृत्तीपर्यंत जे हलकं काम असेल ते, असं पत्रात होतं. डॅरिलनं ते दोनदा वाचलं आणि फ्रिजवर लावलं, विजेच्या बिलाशेजारी. तीन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "टालिया कडेला पातं जरा खोल घेते. सांगायला हवं होतं तिला."

"मग सांग."

"आता मी सांगणारा नाही ना."

त्यावर मी बाथरूममधे जाऊन नळ सोडून रडले. अभिमान वाटत होता मला त्याचा, आणि अभिमानानं घर उबदार होत नाही.

हलकं काम म्हणजे पाटी धरायची. एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'सावकाश'. रस्त्याचं काम चालू असेल तिथे नारिंगी जाकीट घालून उभं राहायचं आणि गाड्या आल्या की पाटी फिरवायची. ते काम आमच्याकडे शाळा सोडलेल्या पोरांना देतात.

ईस्टरची सुट्टी संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी, दुपारी मुलांना सोडायला निघाले होते. टेकाड उतरले तर समोर डॅरिल. पाठीमागे लांब ग्रेडर चाललेला, त्यात टालिया. त्यानं पाटीची 'थांबा' बाजू माझ्याकडे केली. मी थांबले.

"मिस्टर फायफर, सोडा ना!" मुलं खिडक्यांतून ओरडायला लागली. "आमची मिसेस फायफर आहे आत!"

तो हसला नाही, हात केला नाही. जी बस येईल ती बस, जी बाई चालवत असेल ती बाई. टालियानं वरंबा पसरत आणला, शेवटाला पातं उचललं. मला वाटलं, झालं. पण तिनं यंत्र वळवलं आणि पुन्हा एक फेरी घेतली. मुलांनी कपाळाला हात लावले. डॅरिल मान वळवून तिच्या पात्याखालून निघणारा मुरूम बघत होता, शेवटच्या इंचापर्यंत. मग त्यानं पाटी फिरवली.

त्याच्याजवळ आल्यावर मी काच खाली केली. "संध्याकाळी मटणाचे चॉप्स करतेय. साडेपाचपर्यंत ये."

"कामावर आहे मी, बाई," डॅरिल म्हणाला. "पुढे व्हा."

मी पुढे झाले. ताज्या रस्त्यावरून बस अलगद गेली. धूळ बसल्यावर मी आरशात पाहिलं. मागे टेकाडापर्यंत रस्ता मोकळा होता, अर्धा तास तरी कोणी यायचं नव्हतं. डॅरिलनं पाटी पुन्हा 'थांबा'वर फिरवली होती आणि ती सरळ धरून तो उभा होता.